आठव्या कलमासोबतचा ठराव

नागपुरातल्या एका विधी महाविद्यालयाचं ग्रंथालय मी सांभाळते. आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याचं कपाट माझ्या टेबलामागेच आहे, पण त्यात आता नवीन काही फारसं येत नाही. करार, परिषदांचे ठराव, निवाडे सगळं संगणकावर फुकट मिळतं. फुकट मिळतं म्हणून मुलं पहिल्याच पानावर थांबतात. करार वाचलात, आता तो ज्या परिषदेत झाला तिचा ठरावही वाचा, हे मी दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. तरी अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची हौस काही जात नाही.

कुहीकडची एक मुलगी एलएलएमच्या प्रबंधासाठी यायची. तिच्या वडिलांचं कापलेलं धान अवकाळी पावसानं शेतातच कुजलं होतं. हवामान बिघडवणाऱ्या श्रीमंत देशांकडून अशा नुकसानीची भरपाई मागता येते, हे तिला दाखवायचं होतं. सगळा डोलारा पॅरिस कराराच्या आठव्या कलमावर उभा होता; हवामानबदलानं होणारं नुकसान त्यात मान्य केलेलं आहे.

संदर्भ तपासायला तिनं मसुदा माझ्याकडे दिला. पॅरिस परिषदेच्या ठरावाचा उल्लेख कुठेच नव्हता. मी तो छापून काढला आणि नेमका परिच्छेद तिच्यापुढे ठेवला. आठवं कलम भरपाईच्या दाव्याला आधार ठरणार नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे.

तिनं तो दोनदा वाचला. "म्हणजे नुकसान झालं हे कबूल, पण देणं लागत नाही?"

"या कलमाखाली तरी नाही."

मला वाईट वाटलं. वाईट वाटून ठराव बदलत नाही. "मग आधी हा परिच्छेदच लिहिते," ती म्हणाली आणि वहीचं नवं पान उघडलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ग्रंथालयात फोनला बंदी आहे, पण दुसरं कुणी नव्हतं. वडिलांचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता.

"भेटलं का वं तुले ते कलम?"

"भेटलं, बाबा."

"काय लिहून आहे त्याच्यात?"

तिनं समोरच्या ठरावावर तळहात ठेवला. "आपलं नुकसान झालं म्हणून लिहून आहे."

"मंग झालं तं. मी कधीचा तेच सांगून राहिलो."

अर्धा संदर्भ मी कुणाचा खपवून घेत नाही. त्या दिवशी घेतला.