सुरमईच्या पुडीतलं पत्रक

बाजारातून आणलेल्या सुरमईची पुडी सोडलीत आणि कागदावर लाल, ठळक अक्षरांत ‘तुम्ही विष खात आहात!’ असं दिसलं, तर तुम्ही काय कराल? आमच्या गिऱ्हाइकांनी आईला फोन केले.

पत्रक माझं होतं. आमच्या घरी अंगाईगीतांऐवजी युनियनची पत्रकं वाचली जायची (बाबांची कृपा!), त्यामुळे उद्गारचिन्हाशिवाय माझं वाक्य संपतच नाही. मागणी साधी होती: खाऊच्या पाकिटात मीठ, साखर, तेल जास्त असेल, तर ते पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापायची सक्ती करा. त्या निवेदनावर सह्या गोळा करायला मी रविवारी सकाळी वर्सोव्याच्या मासळीबाजारात, आईच्या पाटीशेजारी उभी राहिले.

दोन तासांत तीन सह्या. त्यातली एक माझी.

“विष?” कर्णिककाका भडकले. “चाळीस वर्षं चहात हीच बिस्किटं बुडवतोय. मेलोय का मी?”

“हळूहळू मरताय, काका!” मी प्रेमाने समजावलं.

काका तणतणत आईकडे सुरमई घ्यायला वळले. मी पत्रकांचा गठ्ठा तिथेच ठेवून कोळंबीच्या रांगेत प्रबोधनाला गेले.

नेमकी तेव्हाच आईची रद्दी संपली. पत्रकं एकाच बाजूने छापलेली, कोरी बाजू वर. आईला वाटलं, पोरीने जन्मात पहिल्यांदा धंद्याच्या उपयोगाचं काहीतरी आणलं!

तासाभरात आईला प्रधानकाकूंचा फोन. “हिरा, अगं काय घातलंयस माशात? जावई पानावर बसलाय माझा!”

मग दुसरा. मग पाचवा. पत्रकाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तिथून पलीकडच्या सोसायटीच्या. खाली कुणीतरी लिहिलं, ‘हिराकडून मासळी घेऊ नका.’ मग माणसंच येऊन उभी राहिली. कर्णिककाकांनी तर सुरमई तळून परत आणली! आईने डब्यातला तुकडा तोंडात टाकला, सगळ्यांसमोर चावून गिळला.

“मीठ कमी पडलंय,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. (हातात कोयता होता.)

“आई, पण मुद्दा बरोबर आहे ना...”

“मुद्दा गेला खड्ड्यात! वीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत माझी. हिराचं मावरं विषारी, असं एकदा झालं ना, तर उद्या पाटी मांडू कुणासमोर?”

उरलेली पत्रकं मी पाठीमागे लपवली. आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच घडलं.

आईने पदर खोचला, पाटीतली सुरमई उचलली आणि कल्ला उघडून काकांच्या नाकासमोर धरला. “बघा काका, लालभडक! शिळी असती तर काळपट दिसला असता. दर रविवारी तुम्ही कल्ला उघडून बघता, मगच घेता. मी कधी नाय म्हटलं?”

“नाही बुवा.”

“मग पाकिटाचा कल्ला कुठंय? मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत! पोरगी एवढंच म्हणतेय, त्यांनीपण कल्ला पुढे उघडून दाखवावा. खायचं की नाय, ते तुम्ही ठरवा. विषबिष तिने आगाऊपणाने लिहिलंय.”

“हात्तिच्या!” काका माझ्यावर उखडले. “एवढंच होतं, तर तसं सांगायचं ना गं! आण ते पेन.”

काकांमागे रांग लागली. सह्यांचे कागद संपले. प्रधानकाकूंनी फोनवरून आधी जावई सुखरूप असल्याचं कळवलं, मग त्याचंही नाव घालायला सांगितलं.

तेव्हा वाचकहो, आज एक काम कराच. घरातलं एखादं पाकीट उचला आणि त्यात मीठ किती आहे ते शोधा. चष्मा लावूनही सापडलं नाही, तर आमच्या निवेदनावर सही करा. नव्या पत्रकाला मथळा सुचला, तर मात्र थेट आईला कळवा. मला सध्या फक्त पिना मारायची परवानगी आहे!