कोंडाजीचे ओले हात

ज्या कामाला टेबल नाही ते काम कोंडाजीचं, हा नगरपालिकेतला अलिखित नियम. कागदावर तो सफाई कामगार, पण त्याच्या हातात झाडू शेवटचा कधी होता हे आस्थापनेच्या हेडक्लार्क कुमुदिनीबाईंनाही सांगता आलं नसतं, आणि त्यांना तर कोण किती मिनिटं उशिरा आलं तेसुद्धा महिनोन्‌महिने पाठ असतं. विहिरीत रेडा पडला, बोलवा कोंडाजीला. सभागृहात माकड शिरलं, बोलवा कोंडाजीला. उद्घाटनाच्या पडद्याची दोरी अडकली आणि मंत्री हात वर करून तसेच उभे राहिले, तेव्हाही खांबावर चढला तो कोंडाजीच.

चौतीस वर्षं अशी गेली. कामं ढीगभर झाली, पण पुरं एकही नाही. बिनटेबलाच्या कामाचं नशीबच तसं. ते निम्म्यावर आलं की कुणाला तरी टेबल आठवतं, नाहीतर निधी आटतो, नाहीतर साहेब बदलतो. कुत्र्यांची मोजणी चारशे बारावर थांबली, कारण ती ठेकेदाराला दिली गेली. झाडांच्या पाट्या चिंचेपर्यंत लागल्या आणि वडाला लागायच्या आत खिळे संपले. हेंद्रेपाड्यात घरांना नंबर टाकत तो त्रेसष्टपर्यंत आला आणि काम बंदचं पत्र आलं. चौसष्टावं घर त्याचं स्वतःचं होतं. हातात रंगाचा डबा होता, दार समोर होतं, पण कोंडाजीने पत्राच्या पोचवहीवर सही केली आणि डब्याचं झाकण लावलं. हुकूम म्हणजे हुकूम.

"आपल्या लग्नात हे सात पावलं तरी पुरी चालले होते का, मला अजून शंका हाये," असं त्याची बायको गोजरबाई चारचौघांत म्हणायची. कोंडाजी हसायचा. पण आतून त्याला ते लागायचं. एकतीस मेला तो निवृत्त होणार होता आणि त्याआधी एक तरी काम, कसलंही, पहिल्यापासून शेवटापर्यंत आपल्या हातून व्हावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. बढती नको, सत्कार नको. एक पुरं काम हवं होतं.

अशात एप्रिलमध्ये अनुया आली. ही अंबरनाथ पूर्वेची मुलगी, वडील कारखान्यात अधिकारी, आणि शिकत होती सागरी जीवशास्त्र. उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थेत चाळीस दिवस इंटर्नशिप करावी अशी सरकारी योजना होती. तिने फॉर्मवर ठाणे जिल्हा लिहिला तो खाडीच्या आशेने. कॉम्प्युटरने जिल्हा तोच ठेवला आणि तिला पाठवलं बदलापुरात, जिथून समुद्र बघायचा तर अर्धा दिवस मोडतो.

तिचं पत्र नगरपालिकेत तीन दिवस फिरलं. पाणीपुरवठ्याने शेरा मारला की आमचा संबंध गोड्या पाण्याशी. आरोग्य विभाग म्हणाला, मासे मेले की आमच्याकडे या. उद्यान विभागाने कारंजं दाखवलं आणि ते बंद असल्याचंही कळवलं. शेवटी पत्र कुमुदिनीबाईंच्या टेबलावर आलं. त्यांनी चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचलं आणि शिपायाला, म्हणजे राजूला, म्हणाल्या, "कोंडाजीला बोलव."

अनुया पोरगी मात्र हिकमती निघाली. समुद्र नाही तर नाही, समुद्रातून येणारं काहीतरी शोधू म्हणाली. उल्हास नदीत एक कोळंबी सापडते. ती जन्मते खाडीच्या खाऱ्या पाण्यात आणि मग बंधारे, दगड, धार, जे आडवं येईल ते चढत इकडे गोड्या पाण्यात येते. ती अजून इथवर पोचते का, हे बघायचं. नदीकाठी दहा जागा ठरवायच्या, रोज सकाळी प्रत्येक जागी हातजाळं टाकायचं, कोळंब्या मोजायच्या आणि परत पाण्यात सोडायच्या. सलग चाळीस दिवस. एक दिवस चुकला तर सगळं फुकट. आणि योजनेचा नियम असा, की नगरपालिकेचा माणूस सोबत असल्याशिवाय विद्यार्थ्याने नदीत पाऊल टाकायचं नाही.

"चाळीस दिवस," कोंडाजी म्हणाला. "आन्‌ मंग काम संपतं?"

"संपतं ना, काका."

"मधीच कोन थांबवत नाय?"

"कोळंब्या मोजायचं काम कोण कशाला थांबवेल?"

कोंडाजीने तिच्याकडे मायेने बघितलं. पोरगी सरकारी खात्यात नवी होती. त्याने बोटं मोजली. वीस एप्रिलला सुरू केलं तर एकोणतीस मेला चाळिसावा दिवस. बरोबर बसत होतं.

जागा नदीकाठच्या मांजर्लीत घेतल्या. खुणेला झेंडे हवेत म्हणून कोंडाजी भांडारात गेला. तिथे एकाच रंगाचं कापड शिल्लक होतं, रस्ता खणला की लावतात ते लाल. त्याच्या दहा झेंड्या करून काठाने रोवल्या, टेपने अंतर मोजलं आणि अनुयाने सगळं वहीत उतरवलं. इथेच घोळ झाला.

मांजर्लीत राहणाऱ्या माणसाला एका गोष्टीचं नाव काढलं तरी घास गिळवत नाही, आणि ती म्हणजे पूररेषा, पुराचं पाणी कुठवर येतं ते ठरवणारी सरकारी रेघ. निळ्या रेषेच्या आत सापडलात तर बांधकाम बंद, लाल रेषेच्या आत सापडलात तर हजार अटी, आणि कुठल्याही रेषेत सापडलात तर फ्लॅटला गिऱ्हाईक मिळायचं नाही. तेव्हा नगरपालिकेचा माणूस टेप घेऊन येतो, लाल झेंड्या रोवतो आणि एक शिकलेली मुलगी आकडे लिहून घेते, याचा अर्थ काय तो काठावरच्या सगळ्या गॅलऱ्यांना तासाभरात समजला.

'सरिता दर्शन' सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्त दुसऱ्याच दिवशी पोह्यांच्या दोन बशा घेऊन खाली आले. हे निवृत्त केमिस्ट, बोलणं तोलूनमापून. "कसला सर्व्हे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"कोळंब्या मोजतोय," कोंडाजी म्हणाला.

गुरुदत्त हसले. इतकं वाईट खोटं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. "बरं, मोजा. एक लिहून घ्या फक्त. बावीस वर्षं राहतोय, पाणी इथवर कधी आलेलं नाही."

"साहेब, मागच्या मोठ्या पुरात तुमच्या आईंना मीच पाठीवर घेऊन होडीत बसवलं."

"तिला दवाखान्यात जायचं होतं," गुरुदत्त म्हणाले आणि बशीत आणखी शेव घातली.

त्या आठवड्यात सोसायटीच्या जिन्यातली पुराची खूण रंग मारून झाकली गेली. फाटकावरच्या 'सरिता दर्शन'मधली 'सरिता' ताडपत्रीखाली गेली. ज्या नदीच्या नावावर बिल्डरने चौरस फुटाला जादा पैसे घेतले होते, ती नदी आता कुणाच्या ओळखीची राहिली नाही. आणि झेंड्या चालू लागल्या. रोज सकाळी बघावं तर त्या पाण्याकडे चार पावलं सरकलेल्या. शेजारच्या सोसायटीने चार झेंड्या उचलून गुरुदत्तांच्या पार्किंगमध्ये रोवल्या, गुरुदत्तांनी त्या परत केल्या, आणि एक झेंडी तर चक्क पलीकडच्या काठावर उभी दिसली.

अनुयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, जागाच हलल्या तर आकड्यांना काय अर्थ?"

"झेंडी हलली, बाय. जागा कशी हलंल?" कोंडाजी म्हणाला. त्याने करंजाचं झाड दाखवलं, फुटका घाट दाखवला, धुण्याचा दगड दाखवला. त्याचा बाप याच काठाला मासे धरायचा. दहाही जागा त्याला डोळे मिटून सापडत होत्या. मग त्याने झेंड्यांचा नादच सोडला. लोक झेंड्या हलवत राहिले, हे दोघं मोजत राहिले. कधी चार कोळंब्या मिळायच्या, कधी एक, पुष्कळदा काहीच नाही. कोंडाजी प्रत्येक आकडा घरी जाऊन गोजरबाईला सांगायचा. तिनेही हल्ली थट्टा सोडून "आज किती?" असं विचारायला सुरुवात केली होती.

सदतिसाव्या दिवशी गुरुदत्त एकशे अठरा सह्यांचं निवेदन घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण ज्या कामाला टेबल नाही त्याची फाइल साहेबांपर्यंत जात नाही. त्यांनी निवेदनावर लिहिलं, 'सदर काम तूर्त स्थगित ठेवावे.'

अडतिसाव्या दिवशी सकाळी राजू पत्र आणि पोचवही घेऊन नदीवर आला. कोंडाजी गुडघाभर पाण्यात तिसऱ्या जागेवर उभा होता. राजूचं तोंड बघूनच त्याला कळलं. चौतीस वर्षांत असले चेहरे त्याने पुष्कळ पाहिले होते.

"काका, सही करा."

कोंडाजीने हात वर करून दाखवले. "हात ओले हायेत."

"मग पुसा ना."

"परत भिजनारच. कशाला पुसू?"

राजूने वही मिटली. पोचवहीवर सही होत नाही तोवर पत्र मिळालं असं धरत नाहीत, हे त्याला कोंडाजीनेच नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. वही भिजवली तर कुमुदिनीबाई सोलून काढतील हेही त्यानेच शिकवलं होतं. राजू काठावर बसला. दहावी जागा संपली तरी कोंडाजी बाहेर येईना. घरी गेला तर राजू घरी येणार आणि तिथे हात कोरडे असणार. ऑफिस सुटेपर्यंत पाण्यातच राहायचं, असं त्याने ठरवलं.

दुपारी गोजरबाई भाकरी घेऊन आली. सगळा प्रकार ऐकून ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि स्वतःच्या हाताने त्याला घास भरवू लागली. गॅलऱ्या भरून लोक बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि घडलं ते एकशे अठरा सह्यांच्या साक्षीने.

"लाज नाय वाटत?" तोंड भरलेलं असताना कोंडाजीने विचारलं.

"गप जेवा. हात बुडवून ठेवा."

एकोणचाळिसाव्या दिवशी राजू अंगठ्याच्या ठशासाठी शाईचा पॅड घेऊन आला. ओल्या अंगठ्याला शाई लागेना. राजूने तसं कळवलं, आणि त्याने फार जोर लावला असंही नाही.

चाळिसाव्या दिवशी रिक्षातून स्वतः कुमुदिनीबाई उतरल्या. साडी सावरत काठापर्यंत आल्या. मागे राजू, काय होतंय ते बघायला आलेले गुरुदत्त, आणि पाण्यात कोंडाजी आणि वही घेतलेली अनुया. नऊ जागा झाल्या होत्या.

"कोंडाजी, चौतीस वर्षांत तुम्ही एक पत्र नाकारलं नाहीत," बाई म्हणाल्या. "परवा निवृत्ती. नोटीस काढायला लावू नका."

"बाई, एक जागा ऱ्हायली," कोंडाजी म्हणाला. "आजवर जे सांगितलं ते केलं. जिथं थांब बोल्ले तिथं थांबलो. माझं सोताचं दार सोडलं. येक काम पुरं करू द्या मला."

कुमुदिनीबाईंनी घड्याळ बघितलं. मग पर्समध्ये हात घातला आणि बराच वेळ शोधलं. "हात पुसायला नॅपकिन आणला होता मी. रिक्षात राहिला वाटतं," त्या म्हणाल्या. "राजू, चल माझ्याबरोबर. सापडायला वेळ लागेल."

त्या इतक्या सावकाश चालल्या, की रिक्षावाल्यालाही त्यांना गुडघेदुखी आहे असं वाटलं.

कोंडाजी दहाव्या जागेवर गेला. जाळं टाकलं, ठरलेल्या वेळेइतकं थांबला आणि उचललं. जाळ्यात चार खडे आणि एक गुटख्याची पुडी होती. त्याने खडे चाळून बघितले, पुडी उलटी करून बघितली.

"काय नाय," तो घाबरून म्हणाला. "काय नाय चालंल का?"

"चालेल, काका. शून्य लिहिते." अनुयाने शून्य काढलं, खाली रेघ मारली आणि रेघेखाली 'पूर्ण' असं लिहून वही त्याच्यासमोर धरली. ओला हात लागू नये म्हणून कोंडाजीने दोन्ही हात मागे घेतले आणि वाकून ते अक्षर वाचलं. परत वाचलं. मग तो काठावर येऊन बसला आणि पोरासारखा रडला. अनुयाला काय करावं सुचेना, म्हणून तीही त्याच्या शेजारी बसली.

गुरुदत्त दोन पावलं पुढे आले. "म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "खरंच कोळंब्या मोजत होतात?"



कुमुदिनीबाई परत आल्या, नॅपकिन घेऊन. कोंडाजीने एकेक बोट निगुतीने पुसलं, पोचवही मांडीवर घेतली आणि तारीख-वेळेसह सही केली. बाईंनी पत्र उलगडलं. नियमाप्रमाणे त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, 'सदर काम तूर्त स्थगित ठेवावे.'

कोंडाजी उठून उभा राहिला.

"साहेबांना सांगा," तो म्हणाला, "हुकमापरमानं काम थांबवलं."