सिमेंटबाईचे ठोकळे

आमच्या गल्लीत सगळे तिला सिमेंटबाई म्हणायचे. तोंडावर नाही हं, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. बाई होतीच तशी. संध्याकाळी बांधकामावरून घरी यायची तेव्हा केसांत सिमेंट, पापण्यांवर सिमेंट, आणि बूट तर इतके जड की दारात काढले की धप्प आवाज यायचा. सासू आतूनच ओरडायची, "तिथंच झटकून ये गं बाई! नाहीतर एक दिवस माझ्या मोरीत भिंत उभी राहील."

बांधकामावर ती इंजिनिअर, आणि काम तिचं चोख. गवंडी तिला टरकून असायचे. खांब जरा कललेला असला की ती लांबूनच ओळखायची, मग तो पाडून परत उभा करायला लावायची. पण वरची जागा रिकामी झाली की तिथं दुसराच कुणीतरी जाऊन बसायचा. मागच्या खेपेला बसला तो चष्म्या, हिच्याच हाताखालचा चष्मेवाला पोरगा. ह्या चष्म्याला नकाशा उलटा की सुलटा ते हिनं शिकवलेलं, बरं का. आणि तोच आता हिच्या रजेच्या अर्जावर सही करणार.

ती तडक मालकाकडे गेली. मालक म्हणाला, "बाई, तुमच्या कामाला नावं ठेवणारा जन्मायचाय. पण त्या खुर्चीला मोठी डिग्री लागते. चष्म्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. आता पलीकडचं मोठं काम निघतंय, त्याला एक मुख्य इंजिनिअर लागेल. रजा देतो. रजा संपायच्या आत डिग्री घेऊन या, खुर्ची तुमची. नाही आणलीत तर मी कुणासाठी थांबणार नाही."

झालं. पोरगी शाळेत जायला लागलेली, आणि आई निघाली कॉलेजात. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, शिकवायलाच आल्या बाई. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, मग जो हशा पिकला! त्या दिवसापासून ती सगळ्यांची ताई झाली.

परीक्षा तिनं धडाधड दिल्या. रात्री पोरगी पाढे म्हणायची आणि ही तिच्याशेजारी बसून गणितं सोडवायची. अडलं घोडं ते पुढं. ह्या मोठ्या डिग्रीला नुसती परीक्षा पुरत नाही. आपलं आपण काहीतरी शोधून काढायचं आणि त्याचं जाड पुस्तक करून द्यायचं. थेसिस म्हणतात त्याला. आणि तुमच्या डोक्यावर एक सर बसवलेले असतात, ते सही करतील तेव्हा सुटका.

तिनं विषय घेतला पडक्या इमारतींचा. जुनी इमारत पाडली की विटा, प्लास्टर, काँक्रीट सगळा मलबा लोक कुठंतरी नेऊन ओततात. तोच चुरून, चाळून, खडीच्या जागी नव्या काँक्रीटमध्ये घातला तर? ते काँक्रीट टिकेल का? इतकाच तिचा प्रश्न. सासूला कळल्यावर सासू म्हणाली, "म्हणजे लोकांचा कचरा उचलायला तू नोकरी सोडलीस होय?"

"सोडली नाही हो आई, रजा घेतलीय."

"तेच ते."

सरांची तर तऱ्हाच निराळी. ही दारात जाऊन उभी राहिली की सर फोनवर. हातानंच खूण करायचे, उद्या या. उद्या गेली की मीटिंग. परवा गेली की म्हणायचे, "अहो, होतात कुठं तुम्ही? मी वाट बघत होतो." विषयाचं नावच त्यांनी तीनदा बदलायला लावलं आणि तिसऱ्यांदा पुन्हा पहिलंच ठेवलं. तिनं दात-ओठ खाऊन तेही केलं. बांधकामावर असती तर एकेकाला सरळ केलं असतं तिनं, पण इथं सहीची दोरी सरांच्या हातात.

आता ते काँक्रीट पारखतात कसं ते ऐक, म्हणजे पुढचं नीट कळेल. लोखंडी साचे असतात, चौकोनी. आतून तेलाचा हात फिरवायचा, काँक्रीट भरायचं, सळईनं ठोसून ठोसून बसवायचं. दुसऱ्या दिवशी साचा उघडला की ठोकळा तयार. असा जड की दोन हातांत एक उचलला तरी कंबर बोलते. मग ते ठोकळे पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे. त्यातले थोडे एका आठवड्यानं काढून मशीनमध्ये दाबून फोडायचे, आणि बाकीचे पुरे चार आठवडे भिजवून मग फोडायचे. किती जोरानं फुटला ते मशीन सांगतं. मधे पाण्याबाहेर काढले की सगळं मुसळ केरात.

पहिल्या खेपेचे तिचे ठोकळे वायाच गेले. मलबा म्हणजे कोरडा ठणठणीत, त्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं, आणि ठोकळे निघाले भोकाभोकांचे. सर म्हणाले, "परत करा," आणि परदेशी निघून गेले. दुसऱ्या खेपेला तिनं मलबा आधी रात्रभर भिजवला. पोरांना हाताशी घेतलं, स्वतः ठोसलं, दोन्ही तळहातांना फोड आले. पण ठोकळे निघाले ते असे गुळगुळीत, की एक पोरगा म्हणाला, "ताई, ह्यांना दृष्ट लागेल." रंग तेवढा जरा लालसर, विटांचा चुरा होता ना आत. प्रत्येकावर तिनं खुणेचा आकडा घातला आणि टाकीत सोडले.

आठवड्याचे फुटले, झकास फुटले. उरलेले भिजत पडले. रजेचे दिवस संपत आले होते, पण हिशोब नेमका बसत होता. ठोकळे फोडायचे, आकडे घालायचे, सरांची सही, आणि सुटलो. मोठ्या खुर्चीवर कुठली उशी ठेवायची इथपर्यंत तिचं मन पोचलं होतं.

आणि नेमकी पोरगी तापानं फणफणली. ही चार दिवस घरी. मनात म्हणाली, ठोकळ्यांना काय बघायचं? ते आपले पाण्यात आहेत.

पोरगी उठून बसली तशी ही कॉलेजात गेली. फाटकातून आत शिरली तर काय, सगळं कसं लखलखीत! भिंतींना रंग, जिने धुतलेले, आणि दारापुढच्या फुलांच्या वाफ्याला पांढऱ्याशुभ्र चौकोनी दगडांची सुंदर किनार. तिला वाटलं, वा, कुणीतरी मनापासून केलंय. काल म्हणे बाहेरून बडे पाहुणे कॉलेज तपासायला येऊन गेले.

लॅबमध्ये गेली. टाकीत पाणी नाही. टाकी घासूनपुसून कोरडी, आणि आत एका रांगेत मांडलेल्या कुंड्या.

"मामा!" तिची हाक वरच्या मजल्यावर ऐकू गेली. मामा म्हणजे लॅबमधले जुने मदतनीस, सगळे त्यांना मामाच म्हणत. ते पळत आले. "मामा, माझे ठोकळे कुठायत?"

"कुठले, ताई?"

"कुठले म्हणजे? ह्या टाकीतले!"

"अहो, ते होय? मोठ्या साहेबांनी सांगितलं, पाहुणे यायच्या आत ते हिरवं पाणी काढा. काढलं. ठोकळे बघितले तर लालसर, मातकट. मला वाटलं, कुणाचे तरी बिघडलेले टाकून दिलेत. चांगला ठोकळा काय असा दिसतो? बिघडलेले आपण बागेलाच लावतो की, नेहमीच. चुना मारला. पाहुणे काय खूश झाले म्हणता! फोटो काढला त्यांनी."

ती जिन्यावरून अशी उतरली की पायऱ्या मोजायला भानच नव्हतं. वाफ्याशी खाली बसली, किल्ली काढली आणि चुना खरवडायला लागली. खाली आकडा निघाला. तिचाच. दुसरा खरवडला, अर्धा पुसलेला. तिसऱ्यावर काहीच नाही. वर उन्हात वाळलेले, खाली माळ्याच्या पाण्यानं भिजलेले. धड कोरडे नाहीत, धड ओले नाहीत.

मामा मागं येऊन उभे. "ताई, परत टाकू का टाकीत?"

"मामा, तुम्ही आत्ता माझ्यासमोर उभे राहू नका. माझ्या हातात ठोकळा आहे."

मामा दोन पावलं मागं सरकले.

सर मात्र त्या दिवशी चक्क जागेवर सापडले. तिनं सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. "अरेरे. पण आठवड्याचे आकडे आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत."

"मग झालं की. चार आठवड्यांनी जोर साधारण दीडपट होतो. करा गुणाकार, थोडं इकडंतिकडं करा, टाका भरून. उद्या घेऊन या, मी सही करतो."

"सर, साध्या खडीचा दीडपट होतो. मलब्याचा होतो का, तेच तर मी बघायला निघाले होते!"

सर हसले. "मॅडम, तुम्हाला डिग्री हवीय की उत्तर?"

"मला दोन्ही हवंय. दोन वर्षं कशाला घासली मग?"

"दोन्ही हवं असेल तर पुन्हा ठोकळे घाला. पण थेसिस द्यायचा उद्या शेवटचा दिवस, तो गेला की पुढची संधी सहा महिन्यांनी. तुमची रजा तोवर पुरतेय का बघा."

पुरत कुठली होती? सरांनाही ते माहीत होतं.

घरी आली ती धुमसतच. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, भर ना. तुझं पुस्तक कोण वाचणार आहे? कपाटात जाऊन पडेल."

"अहो, पण मी खोटं लिहू?"

"खोटं कुठं? अंदाज म्हण."

सासूला अर्धंच कळलं होतं, पण तिचा पारा सुनेपेक्षा वर. "त्या मामाला घरी बोलाव. मी बघते त्याच्याकडे. माझ्या सुनेचे ठोकळे बागेला लावतो म्हणजे काय!" आजवर त्याच ठोकळ्यांना ती कचरा म्हणत होती, बरं का.

रागारागानं तिनं शेवटी केला गुणाकार. आणि आकडे आले ते इतके देखणे, की तिचाच तिळपापड झाला. एकही वेडावाकडा नाही, सगळे शहाण्या पोरांसारखे रांगेत. बांधकामावर कुणी कंत्राटदारानं असा कागद आणला असता तर हिनं तो त्याच्याच तोंडावर फेकला असता. तरी छापला. दुसऱ्या दिवशी फाइल काखेत मारून निघाली.

वाफ्यापाशी आली आणि पाय अडला. काय मनात आलं कुणास ठाऊक, किनारीतले दोन ठोकळे उपटले, आकडे नीट दिसणारे, आणि नेऊन मशीनमध्ये घातले. पहिला फटकन फुटला, आठवड्याच्या ठोकळ्याइतकाच. दुसरा फुटता फुटेना, अंदाजाच्याही पलीकडं गेला. एकाच घाण्यातले दोघं! म्हणजे त्यांचंही काही खरं नाही. खरे ठोकळे मुके झाले होते, आणि कागदावरचे खोटे आकडे मात्र पोपटासारखे बोलत होते.

सरांनी पेनाचं टोपण काढून ठेवलेलंच होतं. तिनं फाइल पुढं केली, सरांनी पान उलटलं, आणि हिनं फाइल मागं ओढली.

"काय झालं?"

"नको सर. हे आकडे माझे नाहीत."

"मॅडम, मी पुन्हा वेळ नाही देऊ शकणार. मला बाकी कामं आहेत."

"माहीत आहे. मी येऊन दारात उभी राहीन. सवय आहे मला."

तुला वाटेल, खरं वागली म्हणून बाईला हलकं वाटलं असेल. छे! जिन्यात बसून रागानं रडली. मामांना पुन्हा चार शब्द सुनावले, पोरांवर खेकसली, घरी येऊन भांडी आपटली. सासूनं त्या दिवशी बुटांवरूनही काही म्हटलं नाही.

रजा संपली. पलीकडच्या मोठ्या कामावर मुख्य इंजिनिअर म्हणून चष्म्याच बसला. पहिल्याच दिवशी तो हिच्यासमोर उभा राहून घुटमळला. "मॅडम, हे जरा बघा... म्हणजे, बघाल का?"

"साहेब तुम्ही आहात. सांगा, बघते."

तो कानापर्यंत लाल झाला. तिला त्याचाही राग आला, आणि त्याचा राग येतोय म्हणून स्वतःचाही.

काम आटोपलं की ती कॉलेजात जायची. मलबा परत चुरला, परत चाळला, परत भिजवला. आता पोरं पास होऊन निघून गेलेली, एकटीच ठोसायची. एकेक ठोसा असा मारायची, जणू साच्यात सरच बसलेत. ठोकळे टाकीत सोडले आणि टाकीवर लाल रंगात हातभर अक्षरांत लिहिलं, 'हे चांगले आहेत.'

मामा रोज पाणी बघून जायचे. एकदा भीतभीत जवळ आले. "ताई, रागावू नका. तुम्ही ते दोन उपटलेत ना, तिथं किनारीला भगदाड पडलंय. मोठे साहेब सारखे विचारतात."

तिनं टाकीतल्या ठोकळ्यांकडं बघितलं. अजून दोन आठवडे जायचे होते.

"फुटले की तुकडे घेऊन जा, मामा," ती म्हणाली. "पण आधी मला फोडू द्या."