पाठीमागचा उजवा हात

मी जे काही शिकलो, ते वालूरच्या अप्पा मास्तरांमुळे. मुलांकडे तोंड केलं की त्यांचा उजवा हात पाठीमागे जायचा. फळ्याकडे वळले की पुढे यायचा. आणि बोलणं संपलं की ते विचारायचे, "ऐकू आलं का, बाबा?"

हे वर्गापुरतं नव्हतं. टपालवाल्याला, न्हाव्याला, सगळ्यांना ते असंच विचारत. बाजारात एकदा वांगी विकणारी बाई म्हणाली, "अप्पा, आमचे कान शाबूत हायत. तुमी भाव बोला." सगळे हसले. अप्पांनी मुकाट्यानं सांगेल त्या भावाला वांगी घेतली.

तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल, ज्याची नक्कल केल्याशिवाय पोरांना सुट्टी गोड लागत नाही. आमच्या शाळेत ती नक्कल माझ्यासमोर कुणी करत नसे. कारण ती सवय माझ्यामुळे लागली होती.

आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. उजवा खांदा भिंतीला लावून मी कोपऱ्यात बसायचो. एके दिवशी पाटीवर बैल काढत होतो. अप्पांनी हाक मारली, परत मारली. शेजारचा पोरगा म्हणाला, "ते ऐकतच न्हाई, अप्पा." अप्पा उठून आले आणि त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या कानशिलावर बसला. कानातून रक्त ओघळलं.

त्या काळी मास्तरानं मारलं ही काही बातमी नव्हती. दुसऱ्या दिवशी माझे वडील शाळेत आले, ते तक्रार घेऊन नाही. "बरं केलं मास्तर," ते म्हणाले. "घरीबी ऐकत न्हाई. आनखी एक ठेवायची."

अप्पांना मात्र ते रक्त सोडेना. सेलूच्या स्टेशनावरून गाडीनं ते मला परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि म्हणाले, "पर्दा फट गया है." मग माझा उजवा कान बोटानं बंद करून डावीकडून काही बोलले. मला काहीच कळलं नाही. अप्पांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला आणि तिथंच राहिला.

परतीच्या गाडीत ते माझ्या उजव्या बाजूला बसले. सेलू यायच्या आधी त्यांनी विचारलं, "ऐकू आलं का, बाबा?" मी म्हटलं, "काय?" ते म्हणाले, "काई न्हाई."

त्यानंतर त्यांनी कुणालाही मारलं नाही. चालताना ते कायम माझ्या उजव्या बाजूनं चालत. निजामाचं राज्य, म्हणून वरच्या वर्गांची पुस्तकं उर्दूत. कानाचा धडा आला की अप्पा आधी उर्दूतून वाचत, मग आमच्या बोलीत सांगत. "आवाज पडद्याला धडकतो. पडदा हातोडीला हलवतो, हातोडी ऐरणीला, ऐरण रिकिबीला. लय बारीक हाडं हायत ही. रिकीब, खोगिराला पाय ठेवायला असती तशी, शंखाच्या दारावर टकटक करती. शंखात पाणी हाय. त्या पाण्यात लाट उठली की डोक्याला कळतं, कुणीतरी बोलायलंय." पडदा हा शब्द आला की त्यांचा आवाज खाली जायचा. सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा, आणि मला आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं.

अभ्यासाला मी त्यांच्याच घरी असे. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. भाकरीवर तूप वाढताना अक्का म्हणायच्या, "तुझ्या कानापायी आमचं तूप लवकर संपायलंय. घे, अजून घे." पुढे परभणीची शाळा, मग हैदराबादचं कॉलेज. प्रत्येक वेळी माझ्यासाठी शब्द टाकायला अप्पाच दारोदार गेले. स्वतःच्या मुलासाठी ते कुणाकडे गेले नव्हते.

हैदराबादला शेवटच्या वर्षी कान ठणकू लागला. डॉक्टरांनी एक पोलादी चिमटा वाजवून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. त्याचा नाद बहिऱ्या कानातच मोठा आला. मी दचकलो. ते म्हणाले, आतला शंख जिवंत आहे, मधली हाडं कुजली आहेत. मी अप्पांची चापट सांगितली, तर म्हणाले, तसा फाटलेला पडदा बहुतेक वेळा आपोआप सांधतो, हे दुखणं त्याच्याआधीचं आहे. मग त्यांनी विचारलं, "बचपन में कान बहता था?"

वाहत होता. आई लसणाचं तेल कोमट करून घालायची, कापसाचा बोळा लावायची. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

खोलीवर आलो. अप्पांनी न केलेलं पाप इतकी वर्षं फेडलं होतं आणि त्या फेडीवर मी पदवीपर्यंत आलो होतो. मी स्वतः वालूरला जायला हवं होतं. निजामी संपायच्या त्या वर्षात गाडीचा प्रवास जिवावरचा होता, हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. त्यांच्या तोंडावर हे सांगायचा मला धीर नव्हता. म्हणून मी पत्र पाठवलं.

दिवाळीला गेलो तेव्हा अप्पा नव्हते. अक्का म्हणाल्या, पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग घडी घालून म्हणाले, "पोरगं लय गुणाचं. मला सोडवायला खोटं लिहायलंय." आणि हात पुन्हा पाठीमागे घेतला.

"मेल्यावर समाधीत बसवताना तो हात आमीच पुढं घेतला," अक्का म्हणाल्या.

पत्र अक्कांनी मला परत दिलं. ते असं :

"ती. अप्पांस साष्टांग नमस्कार.

माझा कान तुमच्या हातानं गेला नाही. आतली ऐरण लहानपणीच कुजली होती, असं इथले डॉक्टर म्हणतात. त्यांचं पटत नसेल तर तो दिवस आठवा. तुम्ही मला का मारलं? हाक मारली आणि मी ऐकलं नाही म्हणून. अप्पा, मी ऐकलं नाही, कारण मला ऐकू आलं नव्हतं. माझे वडीलही तेच बोलले होते, घरीबी ऐकत न्हाई. आपण सगळ्यांनी ते माझं वाईट वळण समजलं. कान आधी गेला होता, तुमचा हात नंतर आला.

ज्या कानाच्या नावावर मी तुमच्या घरचं तूप खाल्लं, त्याचं तुम्ही काहीच देणं लागत नव्हता. हे मला फार लागून राहिलं आहे.

दिवाळीला येतो. स्टेशनावरून घरी जाताना या खेपेला माझ्या डाव्या बाजूनं चाला. तुम्ही बोललेलं मला ऐकू येणार नाही, पण तुमचा उजवा हात माझ्याकडे येईल.

आपला न ऐकणारा विद्यार्थी."