गाळलेला शब्द

पत्रकात तारीख ठळक छापायची, हे मी कापसाच्या आंदोलनात शिकलो. तारीख नसलेल्या पत्रकाची लोक पुडी बांधतात. घाटंजीत खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रचार करतानाही मी तेच केलं. ‘कुणा कंपनीच्या मालकीची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. मराठी नीट दाखवणारी नवी आवृत्ती तान्ह्या पोळ्याला येणार.’

पत्रक वाचून बाजारगल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या ताईंनी मला बोलावलं. त्यांचे पाच संगणक. व्हायरसनं दर आठवड्याला एखादा आडवा पडायचा, आणि क्लासमधल्या पोरींची मराठी टायपिंगची परीक्षा दिवाळीनंतर होती. तान्ह्या पोळ्याला सगळे बदलू असं ठरलं. त्यांनी पोरींना तसं सांगूनही टाकलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आला, आवृत्ती आली नाही. पुढच्या आठवड्यात नक्की, असं मी म्हणालो. तेव्हाही नाही. गणपतीही उठले.

ताई चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पोरींसमोर शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, गेल्या हंगामात कापूस खरेदी केंद्राची तारीख बी तुमीच छापली होती ना? माह्या बापानं दोनदा बैलबंडी भरून नेली अन् तशीच वापस आणली.”

एक पोरगी फिस्सकन हसली.

मला राग आला. केंद्राची तारीख सरकारनं मोडली होती, मी नाही. पण लोकांच्या हातात ती दिली मीच. आणि या वेळी तर मोडली म्हणायलाही जागा नव्हती. सिस्टीमवाल्यांनी तारखेआधी ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहिलं होतं. पत्रकात ‘अंदाजे’ मिळमिळीत दिसतं, म्हणून मीच तो शब्द गाळला होता.

यवतमाळला जाऊन सायबर कॅफेत उशिराचं कारण शोधलं. ते कुणी लपवलेलंच नव्हतं. नवी आवृत्ती टाकताना काही संगणकांवरच्या जुन्या फायली पुसल्या जात होत्या. दोष कुणाला सापडला, दुरुस्ती कुठवर आली, सगळं उघड मांडलेलं. मी ते मराठीत उतरवून ताईंपुढे ठेवलं. गाळलेल्या शब्दाचंही सांगितलं.

त्यांनी कागद दोनदा वाचला.

“म्हंजे येळेवर आली असती तं पोरींचा सारा सराव पुसला असता.”

मी मान हलवली.

“केंद्रावाल्यानं असा कागद कधी लावला काय? हे लोकं खरं सांगून राह्यले, अन् तुमी त्यातलं अर्धं खोडता. कायले?”



आवृत्ती दसऱ्याच्या तोंडावर आली. ताईंनी आधी दाराजवळचा एकच संगणक दिला. पोरींनी आठ दिवस त्यावर टायपिंग केलं, एकही फाईल गेली नाही. मग आणखी तीन दिले. पाचवा, त्यांच्या टेबलावरचा, जुन्याच सिस्टीमवर राहिला.

“सिस्टीमवर भरवसा हाये,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर बसाचा हाये, म्हणून हा ठेवला.”

पोरींची परीक्षा होऊन गेली तरी त्याला हात लावू द्या, असं मी म्हणालो नाही.