खाऱ्या वाळूचा स्लॅब

माझ्या मोठ्या दिरांबद्दल चांगलं बोलायचं तर ते पत्ते छान खेळायचे. बाकी तो माणूस मला कधी आवडला नाही, आणि आता ते नाहीत म्हणून आवडायला लागलाय असंही नाही.

ते मुंबईत गिरणीत कारकून होते. दर मे महिन्यात रजेवर गावी, मिठबावला येत आणि आल्या दिवसापासून घरात काय काय वाईट आहे ते सांगत. माझे यजमान बारा महिने कलमं राखत, घर शाकारत, पण भाऊ आला की त्यांच्या तोंडाला कुलूप. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत एका मेमध्ये दिरांनी ठरवलं, ओटीवरचे नळे, म्हणजे मातीची कौलं, उतरवून सिमेंटचा स्लॅब घालायचा. गावात कोणाकडे नव्हता, हेच खरं कारण. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. ते त्यांनी ओळखीनं मिळवलं. गोणी आगबोटीनं देवगडला आल्या, तिथून बैलगाडीनं दारात. लोक बघायला येत होते.

वाळू मात्र समोरच्या समुद्रकाठच्या पुळणीवरची. खाडीच्या वरच्या अंगाची गोडी वाळू आणायला होडी करावी लागली असती, आणि रजा सरत आली होती. आमच्याकडे भिंतीत ठोकलेला खिळासुद्धा खाऱ्या वाऱ्यानं गंजून जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या जुन्या भिंती शिंपल्यांच्या चुन्यातल्या. त्यांत लोखंड नव्हतंच, म्हणून टिकल्या. स्लॅबाचा तर सगळा जीव सळ्यांत. पुळणीची वाळू घ्यायचीच तर अंगणात पसरून पावसाळाभर धुऊ द्यायची, हे लोक साध्या गिलाव्यासाठीही करत. दिरांसमोर बोलायची रीत नव्हती. तरी मी दाराआडून म्हटलं, "भावोजी, ही रेव खारी आसा. एक पावस तिच्यार पडांदे, मगे घाला."

"माझी रजा तुझ्या पावसासाठी थांबतली काय गो?" ते म्हणाले. गवंडीही हसला.

नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. हे काम नातवंडा-पतवंडांना पुरू दे म्हणाले आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. आवाज सगळ्यात मोठा माझ्या यजमानांचा. मी चुलीपाशी ओठ मिटून बसले होते. स्लॅब घालून झाला, दीर मुंबईला गेले, आणि तो ओला ठेवायला तळाला गेलेल्या विहिरीतून पाणी शेंदायचं काम माझ्या माथी आलं. जिथून वाळू उपसली होती तिथे त्या पावसात लाटा आत शिरल्या. कडेचा एक माड मुळासकट गेला.

स्लॅबाला आधी पांढरा लोणा आला. मग सळ्यांच्या रेषेत तांबूस डाग, मग चिरा. केर काढताना खपल्या सापडायला लागल्या. मी दाखवायची, यजमान वर बघायचे आणि म्हणायचे, दादा आला की बघेल. दादा दर मेमध्ये येऊन त्यावर चुना फासून जायचा.

धाकटा झाला तेव्हा मी पाळणा माजघरात लाकडी तुळईला टांगला होता. बारशाला नेमके दीर आले. स्लॅबात त्यांनी हौसेनं एक लोखंडी कडी ठेवली होती. पुतण्याचा पाळणा ओटीवरच, चारचौघांत टांगायचा म्हणाले आणि स्वतःच्या हातानं दोर बांधला. मी यजमानांकडे बघितलं. ते जानवशाची बैठक घालत असल्यासारखे सतरंज्या नीट करत होते.

आमच्यात मुलाआधी पाळण्यात वरवंटा निजवतात. अंगडं-टोपडं घालून दोन झोके द्यायचे, की तो काढून मूल ठेवायचं. मी बायकांना भिंतीकडेला बसवलं, वरवंटा निजवला, दोर हातात घेतला आणि दोन झोक्यांवर थांबले नाही. चांगले हिसके दिले. खोटं कशाला बोलू, मला ते पडायलाच हवं होतं. बायका पुरे म्हणायला लागल्या. मग वर करकरलं, आणि कडी, तिच्याभोवतीचा टोपलीएवढा सिमेंटचा ढलपा आणि गंजून सुतळी झालेली सळी असं सगळं पाळण्यावर आलं.

बाळ जावेच्या मांडीवर होतं. ते झोपूनच राहिलं.

दिरांनी वर बघितलं. मग म्हणाले, "कडी हलकी गावली."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. "कडी नाय, भावोजी. तुमका एक पावस थांबाक जमला नाय."

पुढच्या पावसाआधी यजमानांनी तो स्लॅब फोडला आणि ओटीवर पुन्हा नळे चढवले, भावाला न विचारता. वरवंट्याचा एका टोकाला टवका उडाला होता. मी अजून त्यावरच वाटण वाटते. बाळाचं डोकं जिथे आलं असतं, तिथेच तो टवका आहे.