लसीची सक्ती आणि झोळीतलं लेकरू

कसं सांगू, हसाल तुम्ही! हसाच, कारण असा घोटाळा लातूर-नांदेड पट्ट्यात माझ्याआधी कुणी केला नसेल.

बायको, मनीषा, बाळंतपणाला माहेरी, मुखेडजवळच्या खेड्यात. मी लातूरला कॉलेजात शिकवतो, त्यामुळे माझं बापपण सुट्टीपुरतं. त्यात मेहुण्याचा सोहम आणि आमची ओवी यांच्यात जेमतेम आठवड्याचं अंतर. दोघांना सासूबाईंनी एकाच जुन्या लुगड्याच्या कुंच्या शिवलेल्या, दोघांच्या गालाला सारखीच तीट. झोळीही एकच, पाळीपाळीनं झोपवायचे.

मी गेलो त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. ओवीचा दुसरा डोस. पण पहिल्या डोसला पोरीला ताप आलेला, म्हणून मनीषा म्हणाली, "आज नको. पुढच्या महिन्यात बघू."

झालं! माझं डोकं फिरलं. "मामा, सरकारनं लस सक्तीचीच करायला पाहिजे! नाही दिली तर शाळेत घेऊ नये!"

सासरे सुपारी कातरत होते. "जावईबापू, सक्ती केली की माणूस दार लावून घेतंय. पुसलं की उघडतंय. तिला भ्याव कशाचं हाय, पुसलं का तुमी?"

"आणि गोवर काय पुसून येतो का, मामा?"

"हे बी खरंच हाय म्हना," म्हणत ते कातरतच राहिले. आता सांगा, निम्मं कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? त्यांचं बरोबर की माझं, मला अजून उमगलेलं नाही.

दुपारी मनीषा आतल्या खोलीत झोपली. ओसरीवरच्या झोळीत कुंचीतलं गाठोडं निवांत पडलेलं. म्हटलं, हीच वेळ! उचललं आणि निघालो.

गल्लीत बाया विचारायला लागल्या, "दाजी, लेकरू घेऊन कुठं चाललाव?"

"लसीला! बापानं ठरवलं, विषय संपला. तुमची कुठंयत? आणा!"

काय रुबाब होता माझा! तीन-चार जणी खरंच लेकरं घेऊन मागं आल्या. एक म्हणाली, "पर ताप येतंय की हो." तिला मी अंगणवाडीपर्यंत भाषण ऐकवलं.

सिस्टरनं विचारलं, "बाळाचं नाव?"

"ओवी!" मी छाती काढून सांगितलं.

"मांडी मोकळी करा."

मी कुंची सोडली, लंगोट सोडला, आणि कारंजं! सरळ माझ्या चष्म्यावर!

सिस्टरनं सुई बाजूला ठेवली. "सर, ओवी म्हणालाव न्हवं?"

अख्खी अंगणवाडी खिदळायला लागली. तेवढ्यात मेहुण्याची बायको मोकळ्या केसांनी धावत आली. "दाजी, माझं लेकरू! रिकामी झोळी बघून जीव गेला की माझा! परवाच मुखेडला टोचून आणलंय त्याला!"

तिनं सोहमला माझ्या हातातून ओढूनच घेतलं. आता दोनदा टोचलं असतं तर? माझ्या तोंडचं पाणी पळालं. मागून मनीषा आली, कडेवर ओवी, आणि शेवटी सासरे.

मनीषानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सिस्टरजवळ बसली. "ताई, मागच्या बारीला लई ताप आला हो. आता आला तर काय करू?"

सिस्टरनं ताप का येतो, औषध कधी आणि किती द्यायचं, दवाखान्यात कधी आणायचं, सगळं सावकाश सांगितलं. मनीषानं आणखी काय काय विचारून घेतलं. मग तिनं स्वतःच ओवीची मांडी धरली. पोरगी कळवळून रडली आणि आईच्या कुशीत गप्प झाली. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! ती ताप-तापवालीही आपलं लेकरू घेऊन पुढं सरकली.

मी चष्मा पुसत सासऱ्यांना म्हणालो, "म्हणजे मामा, सक्ती नकोच म्हणता?"

"नको कशी? एक करा की," सासरे म्हणाले. "बापाला आपलं लेकरू वळखायची सक्ती करा!"